कापोएराचा वर्ग लावताय? आधी टाळी शिकून घ्या

मी कापोएरा हा ब्राझीलचा खेळ शिकायला गेलो तो हातांवर उलटं उभं राहण्यासाठी. एका मित्राच्या मोबाइलवर व्हिडिओ पाहिला होता: समुद्रकाठी एक माणूस तळहातांवर उभा राहून पाय असे सहज फिरवतोय की जणू वजनच नाही. माझं वय पस्तीस, पोट सुटायला लागलेलं, दिवसभर कीबोर्डवर बोटं. आणि डोक्यात एकच, हे आपल्याला आलं पाहिजे.

पहिल्या दिवशी दीड तासाच्या वर्गात निम्मा वेळ आम्ही गोल करून टाळ्या वाजवत होतो. एक-दोन-तीन, थांबा. एक-दोन-तीन, थांबा. मला तीन वेळा सांगावं लागलं की तुम्ही पुढे पळताय. घरी येताना लोकलमध्ये वाटलं, फुकट गेले पैसे. आज कुणी विचारलं की सुरुवात कुठून करू, तर मी पहिली तीच गोष्ट सांगतो. ज्याला टाळी धरता येत नाही त्याला समोरच्याची चाल धरता येत नाही, मग त्याच्या लाथा कितीही उंच जावोत.

हे आहे काय, नाच की मारामारी?

आईने विचारलेला प्रश्न. ब्राझीलमध्ये कापोएरा ‘खेळतात’. लढतात असंही म्हणत नाहीत, नाचतात असंही नाही. लोक गोल करून उभे राहतात किंवा बसतात, त्या गोलाला ‘रोदा’ म्हणतात. (ब्राझीलचे लोक त्याचा उच्चार ‘होदा’ असा करतात, शब्दाच्या सुरुवातीचा ‘र’ तिथे ‘ह’सारखा येतो. पहिले दोन आठवडे मी ही दोन वेगळी प्रकरणं समजत होतो.) गोलाच्या एका टोकाला वाद्यं, मधे दोघं जण. एकाने लाथ टाकायची, दुसऱ्याने ती अडवायची नाही, तिच्याखालून किंवा बाजूने निघून जायचं आणि निघता निघता आपली चाल करायची. गुण नाहीत, पंच नाही, शेवटी कुणाचा हात वर धरत नाहीत. लाथ लागली पाहिजे असं नसतं. लागू शकली असती एवढं दाखवून पाय मागे घेणारा जास्त तयारीचा.

आफ्रिकेतून, मुख्यतः आजच्या अंगोला-काँगोच्या पट्ट्यातून, गुलाम म्हणून ब्राझीलला नेलेल्या लोकांत या खेळाचं मूळ आहे. मालकाला कळू नये म्हणून त्यांनी लढाई नाचात लपवली, ही गोष्ट तुम्हाला जवळपास प्रत्येक वर्गात ऐकायला मिळेल. गोष्ट छान आहे, पण गोष्ट म्हणूनच ऐका. जुन्या लेखी नोंदी मळ्यांपेक्षा शहरातल्या, विशेषतः रिओच्या पोलिसांच्या आहेत. रुगेंदास या जर्मन चित्रकाराचं १८३५ साली छापलेलं एक चित्र प्रसिद्ध आहे: दोन माणसं समोरासमोर, बाजूला एक जण ढोल वाजवतोय, भोवती बघे. आज ज्याच्याशिवाय कापोएरा सुरूच होत नाही तो बेरिंबाऊ, एक तारेचं वाद्य, त्या चित्रात नाही.

ब्राझीलमधली गुलामगिरी १८८८ साली संपली आणि १८९० च्या दंडसंहितेने रस्त्यात कापोएरा करणं गुन्हा ठरवलं. शिक्षा दोन ते सहा महिने कैद. हा इतिहास परीक्षेसाठी सांगत नाहीये. वर्गात तुम्हाला टोपणनाव मिळेल तेव्हा सांगतील की पोलिसांना खरं नाव कळू नये म्हणून ही प्रथा पडली. आणि एक दिवस बेरिंबाऊवर घोड्याच्या टापांसारखा ताल वाजेल; त्याचं नाव ‘कावालारिया’, म्हणजे घोडदळ आलं, पांगा.

कोणती शैली?

वर्ग शोधताना हा प्रश्न आधी सोडवा, कारण कपड्यांपासून घामापर्यंत सगळं त्यावर ठरतं.

साल्वादोर हे बाईया राज्यातलं बंदराचं शहर. तिथे मेस्त्रे (म्हणजे गुरू) बिंबा यांनी १९३२ साली आपली शाळा काढली आणि कापोएराला शिस्त आणली: ठरलेले जोडीचे क्रम, उभी चाल, वेग, प्रवेशासाठी चाचणी. १९३७ साली त्यांच्या शाळेला सरकारी मान्यता मिळाली. ही ‘रेजिओनाल’ शैली. त्याच शहरात मेस्त्रे पास्तिन्या यांनी १९४१ साली आपलं केंद्र उभं करून जुनी, जमिनीलगतची, संथ आणि लबाड शैली जपली, ती ‘अंगोला’. त्यांचे विद्यार्थी पिवळा सदरा आणि काळी विजार घालत, कारण पास्तिन्यांच्या आवडत्या फुटबॉल क्लबचे ते रंग होते. आज जगभरात बहुतेक ठिकाणी या दोन्हींचं मिश्रण शिकवतात, त्याला ‘कोंतेम्पोरानेया’ म्हणजे आजची शैली म्हणतात. तुमच्या शहरात एखादा वर्ग असेल तर तो या तिसऱ्या प्रकारचा असण्याची शक्यता जास्त.

वय चाळिशीच्या पुढे असेल, गुडघे कुरकुरत असतील, तर ‘अंगोला संथ आहे म्हणजे सोपं’ असं समजून जाऊ नका. वाकलेल्या गुडघ्यांवर पाच मिनिटं हळू हळू सरकणं म्हणजे काय ते मांड्यांना विचारा. संथ खेळात पडण्याचा धोका कमी, कष्ट कमी नाहीत.

वर्ग कसा पारखायचा

फोनवर चौकशी करू नका, जाऊन एक आख्खा वर्ग बघा. बहुतेक जण पहिला वर्ग करू देतात.

पहिलं, वाद्यं दिसतात का? स्पीकरवर गाणी लावून फक्त लाथा मारून घेत असतील तर ती कसरत आहे, बरी असेल, पण कापोएरा अर्धाच. दुसरं, शिकवणाऱ्याला विचारा, तुम्ही कुणाकडे शिकलात? या प्रश्नाचा कुणाला राग येत नाही, उलट आनंदाने गुरूचं आणि गुरूच्या गुरूचं नाव सांगतात. उत्तर घुटमळलं तर तुम्हीही घुटमळा. तिसरं आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचं: जुने विद्यार्थी नवख्याशी कसे खेळतात ते बघा. चांगल्या वर्गात नवखा आत आला की जुना माणूस आपोआप निम्म्या वेगावर येतो. जिथे जुने लोक नवख्यावर हात साफ करून घेतात तिथून चपला घाला आणि निघा.

‘मेस्त्रे’ हा शब्द ब्राझीलमध्ये ‘मेस्त्री’ असा ऐकू येतो. गोव्यात आणि कोकणात सुताराला, गवंड्याला आपण मेस्त्री म्हणतो तो हाच पोर्तुगीज शब्द. त्यामुळे वर्गात पाहुणे मेस्त्री आले की मला दर वेळी आमच्या गावच्या घराच्या दारांवर रंधा मारणारा माणूस आठवतो. ही पदवी गटाकडून मिळते आणि मिळायला साधारण वीसेक वर्षं जातात. खालच्या पायरीवर ‘प्रोफेसोर’, ‘कोंत्रामेस्त्रे’ वगैरे असतात. कोवळ्या वयात स्वतःला मेस्त्रे म्हणवणारा भेटला तर जपून.

पैशांचं आधीच विचारा. महिन्याची फी वेगळी, गटाचा टी-शर्ट आणि पांढरी विजार वेगळी, आणि वर्षातून एकदा होणाऱ्या ‘बातिझादो’चा, म्हणजे दोरी देण्याच्या समारंभाचा, खर्च वेगळा. बाहेरून येणाऱ्या मेस्त्र्यांचा प्रवास-मुक्काम त्यातूनच निघतो. यात लपवाछपवी नसते, पण कुणी आपणहून सांगतही नाही.

आधीचे तीन आठवडे

शरीर तयार करून मगच जाईन म्हणणारे कधीच जात नाहीत. तरी तीन आठवडे हाताशी असतील तर रोज दहा मिनिटं एवढं करा.

उकिडवं बसा, टाचा जमिनीला टेकलेल्या, दोन मिनिटं. कापोएरातला ‘कोकोरिन्या’ हा बचाव जवळपास हाच: उकिडवं बसून एक हात तोंडापुढे, लाथ डोक्यावरून निघून जाते. भारतीय संडासाची सवय असलेल्यांना इथे सुरुवातीलाच आघाडी मिळते. खुर्चीत वाढलेल्यांच्या टाचा उचलतात, मग टाचांखाली घडी केलेली चादर घ्या आणि हळूहळू ती पातळ करत जा.

मग मनगटं. घोड्यासारखे हात-गुडघ्यांवर या, बोटं पसरा आणि खांदे मनगटांच्या पुढे जातील इतकं झुला. दहा वेळा. माझ्यासारखे संगणकवाले इथेच मार खातात. मी हे केलं नव्हतं आणि पहिल्या महिन्यात चहाचा कप उचलताना कळ यायची. त्यानंतर गुडघे उचलून हात-पायांवर अस्वलासारखं खोलीच्या या टोकाकडून त्या टोकाकडे चालत जा. पोरं हसतील. आणि दात घासताना एका पायावर उभे राहा, निम्मा वेळ डावा, निम्मा उजवा.

मणक्याची गादी सरकलेली, गुडघ्याचा लिगामेंट फाटलेला, खांदा कधी निखळलेला, रक्तदाब चढा, काचबिंदू, गरोदरपण, यांपैकी काहीही असेल तर आधी डॉक्टरांशी बोला आणि मग शिक्षकालाही सांगा. डोकं खाली जाणाऱ्या हालचाली वगळूनही शिकता येतं, पण त्याला ते ठाऊक पाहिजे.

पिशवीत काय न्यायचं

गुडघ्यात अडकणार नाही अशी सैल किंवा ताणणारी पँट, अंगाबरोबरचा टी-शर्ट (उलटे झालात की सैल टी-शर्ट तोंडावर येतो, मग काही दिसत नाही), पाणी, टॉवेल. पांढरी ‘आबादा’ विजार पहिल्या दिवशी विकत घेऊ नका. रेजिओनाल आणि आजच्या शैलीत बहुधा अनवाणी, अंगोलात बूट घालून खेळतात, विचारून घ्या. घड्याळ, अंगठ्या, चेन, मंगळसूत्र, लोंबते कानातले घरीच. पायाची नखं कापलेली हवीत, ती तुमच्यासाठी नाही, समोरच्याच्या गालासाठी. पावसाळ्यात ओल्या पायांनी फरशीवर जाऊ नका. टॉवेल खरं तर त्यासाठीच.

अनवाणी वर्ग असेल तर तळपायाला, अंगठ्याच्या खाली, पहिल्या दोन आठवड्यांत फोड येतो. फोडू नका, चिकटपट्टी लावा. त्याची चांभारकातडी होते आणि मग प्रश्न संपतो.

जिंगा: इथे घाई करू नका

पहिल्या दिवसापासून शेवटपर्यंत तुम्ही जे करणार ते म्हणजे जिंगा. सतत डुलत राहण्याची मूळ चाल. बाकी सगळं हिच्यातून निघतं आणि हिच्यात परत येतं.

घरी फरशीवर खडूने दोन खुणा करा, खांद्यांपेक्षा थोड्या जास्त अंतरावर. दोन्ही पाय त्यांवर, गुडघे वाकलेले, जणू नको असलेल्या स्टुलावर बसायला निघालात. आता उजवा पाय मागे न्या, टाच वर, चवड्यावर. बहुतेक वजन डाव्या, पुढच्या पायावर. त्याच वेळी उजवा हात कोपरात वाकवून चेहऱ्यापुढे. परत खुणेवर या. मग डावा पाय मागे, डावा हात चेहऱ्यापुढे. चालताना डावा पाय पुढे तर उजवा हात पुढे, हे शरीराला माहीत आहेच, तेच आहे. गंमत म्हणजे ‘आता बरोबर करायचं’ म्हटलं की हात उलटे पडू लागतात. सगळ्यांचे पडतात.

चुका ठरलेल्या. मागे जाणारा पाय पुढच्या पायाच्या अगदी मागे, एका रेषेत नेणं. मग कुणी नुसतं बोट लावलं तरी तोल जातो. मधल्या जागी उभं होऊन विश्रांती घेणं. डोक्याची उंची बदलता कामा नये. हात लोंबकळत ठेवणं. आणि सगळ्यात मोठी, स्वतःच्या पायांकडे बघणं. माझ्या जबड्यावर पहिली लाथ बसली ती त्यामुळेच. मारणाऱ्या मुलीची काही चूक नव्हती, ती ठरलेली लाथ ठरलेल्या वेगाने टाकत होती. मी खाली मान घालून खडूच्या खुणा शोधत होतो.

आरसा असेल तर पाच मिनिटं आरशात, नंतर आरशाकडे पाठ. डोळे समोरच्याच्या छातीवर ठेवायची सवय लागली पाहिजे. तिथून त्याचे हात, पाय दोन्ही दिसतात.

बचाव आधी, लाथ नंतर

चांगला शिक्षक लाथेआधी ‘इस्कीवा’ शिकवतो, म्हणजे धड वाकवून लाथेच्या वाटेतून निघणं. मग कोकोरिन्या, मग ‘नेगाचीवा’: एक पाय पुढे पसरून, एका हाताच्या आधाराने जवळपास जमिनीवर आडवं होणं. तिथून ‘होले’ घेऊन, म्हणजे हात टेकत जमिनीलगत वळून, पुन्हा जिंगात. हे चार आले की तुम्ही रोदात जिवंत राहू शकता. एकही लाथ आली नाही तरी.

लाथांत ‘मेया लुआ जी फ्रेंची’ पहिली येते, म्हणजे समोरून अर्धचंद्र: सरळ पाय बाहेरून आत कमानीत फिरतो. पुढे ‘केशादा’, ‘आर्मादा’, ‘मार्तेलू’ म्हणजे हातोडा. तळपायाने छातीवर ढकलणाऱ्या लाथेचं नाव ‘बेन्सांव’, म्हणजे आशीर्वाद. नाव ठेवणाऱ्याला विनोद कळत होता. या सगळ्या कमरेच्या उंचीवर शिका. उंच लाथेचा मोह टाळता येत नाही हे मला ठाऊक आहे. मांडीमागचा स्नायू ओढला गेला की तीन आठवडे आपोआप टळतो.

‘आऊ’ म्हणजे आपली चाकासारखी आडवी कोलांटी, पण एक फरक आहे. शाळेत आपण हातांमधल्या जमिनीकडे बघायचो; इथे उलटं असतानाही समोरच्याकडे बघायचं, कोपरं थोडी वाकलेली, पाय दुमडलेले. सुंदर दिसणं नंतर. घरी सराव करताना अंतर मोजा. मी मोजलं नाही, आमच्या दिवाणखान्यातल्या शोकेसची एक काच अजून बसवायची आहे.

आणि आता टाळी

वर्गातली सगळी माणसं ज्याच्या इशाऱ्यावर चालतात तो शिक्षक नव्हे, बेरिंबाऊ. माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीचा लाकडी दांडा, त्यावर जुन्या टायरमधून काढलेली तार ताणलेली, खाली पोकळ भोपळा दोरीने बांधलेला. डाव्या करंगळीवर सगळा भार, त्याच हाताच्या अंगठा-तर्जनीत नाणं किंवा दगड. उजव्या हातात बारीक काठी आणि ‘काशिशी’ नावाची वेताची खुळखुळी. दगड दूर असेल तर एक सूर, दाबला तर वरचा, नुसता टेकवला तर झणझणता. तीन सूर, एवढ्यातून सगळं. करंगळी पहिले काही आठवडे वाकडी होते की काय असं वाटतं. होत नाही.

बेरिंबाऊवरचा ताल खेळ ठरवतो. ‘अंगोला’ हा ताल संथ, खेळ जमिनीलगत आणि जवळून. ‘साऊं बेंतू ग्रांजी’ वेगवान, खेळ उभा. ‘इयूना’ वाजली तर तुम्ही आत जायचं नाही, बहुतेक गटांत ती फक्त पुढच्या पायरीच्या लोकांसाठी असते. सोबत ‘पांदेइरू’ म्हणजे डफासारखं घुंगरं असलेलं वाद्य, आणि उभा ढोल ‘आताबाकी’.

गाणी पोर्तुगीजमध्ये. एकाने ओळ म्हणायची, बाकीच्यांनी ठरलेलं ध्रुवपद उचलायचं. भजनी मंडळात बुवांच्या मागे झेलायची सवय असेल तर तुम्हाला हे दोन दिवसांत येतं, फक्त शब्द परके. अर्थ विचारून घ्या आणि ध्रुवपदं आधी पाठ करा. पाच आली की वर्गातलं बरंचसं निभावतं. ओठ नुसते हलवू नका, कळतं. मधे खेळणाऱ्या दोघांना ताकद कुठून येते ते एकदा स्वतः आत असताना भोवतालचं गाणं विझलं की समजतं. पाय जड होतात. त्या भरलेपणाला तिथे ‘आशे’ म्हणतात.

टाळी शिकायची युक्ती: दोन दिवस फक्त पायाने ताल धरा, टाळी नाही. तिसऱ्या दिवशी तीन टाळ्या, आणि चौथ्या ठोक्यावर हात उघडे ठेवून श्वास घ्या. आपण सगळे चुकतो ते त्या रिकाम्या ठोक्यावर. तो भरून टाकावासा वाटतो. भरू नका.

रोदातली रीत

आत जाण्याची जागा एकच, बेरिंबाऊच्या पायाशी. तिथे समोरासमोर उकिडवं बसायचं, हात मिळवायचा, वाजवणाऱ्याने बेरिंबाऊ झुकवून परवानगी दिली की आत. चालू खेळात एकाला बाहेर काढून आपण शिरण्याला ‘खेळ विकत घेणं’ म्हणतात. ते वाद्यांच्याच बाजूने, हात दोघांच्या मधे घालून, ज्याच्याशी खेळायचंय त्याच्याकडे तोंड करून. पहिले काही महिने विकत घेऊ नका, बोलावण्याची वाट बघा. शिक्षकाला तर मुळीच नाही. खेळ चालू असताना वाद्यांच्या आणि खेळणाऱ्यांच्या मधून जायचं नाही. समोरच्याकडे पाठ करायची नाही, खेळ संपवून हात मिळवतानासुद्धा नाही. तो हात पुढे करून पायाखालून ‘हास्तेइरा’, म्हणजे पाय ओढून पाडणं, हा जुना विनोद आहे आणि सगळे त्याला हसतात. त्याला ‘मालीसिया’ म्हणतात, आपल्याकडचा बेरकीपणा.

दम लागला तर थांबायला लाज नाही. हात पुढे करून गोलातल्या गोलात दोघांनी एक फेरी चालायची, ‘व्होल्टा आऊ मुंदू’, जगाला प्रदक्षिणा. श्वास सावरतो, मग पुन्हा बेरिंबाऊच्या पायाशी.

सहा महिने-वर्षभराने बातिझादो येतो, म्हणजे बाप्तिस्मा. पाहुण्या मेस्त्र्यांपैकी एक तुमच्याशी खेळतो, हळूच पाडतो, आणि कमरेला पहिली दोरी मिळते. दोऱ्यांचे रंग प्रत्येक गटात वेगळे, त्यामुळे दुसऱ्या गटाच्या माणसाची पायरी रंगावरून ठरवायला जाऊ नका. टोपणनाव तुम्ही निवडत नाही. माझं नाव पोर्तुगीजमध्ये ‘कासव’ आहे, आणि त्यावर दाद मागायची सोय नाही.

आठवड्यातून दोनदा गेलात तर तीनेक महिन्यांनी जिंगा स्वतःहून व्हायला लागते. तोवर फक्त जात राहायचं. पहिल्या रोदात तुम्ही आत वीसेक सेकंदच असाल. त्या वीस सेकंदांत जिंगा, एक इस्कीवा, पुन्हा जिंगा, इतकंच करा. समोरचा माणूस तुमच्यासाठी थांबेल. बाहेर आलात की लगेच पाणी प्यायला धावू नका, गोलात तुमच्या जागी उभे राहा आणि टाळी धरा, आता दुसरं कुणीतरी आत गेलंय.